बांधावरून चालताना

तुमच्या मोबाइलमधलं घड्याळ कधी आपोआप १५ मिनिटं पुढे गेलंय?

आमचं गेलं. मागच्या नोव्हेंबरात, दार्जिलिंगच्या डोंगरात, मेघमा नावाच्या छोट्याशा वस्तीत चहा पिताना. माझ्या फोनवर सव्वाअकरा झाले होते आणि शेजारी बसलेल्या ताईंच्या फोनवर साडेअकरा. आम्ही दोघी एकमेकींच्या फोनकडे बघत राहिलो. सोबतचा गाइड मुलगा हसून म्हणाला, "यांचा फोन नेपाळात पोहोचलाय. तुमचा अजून भारतातच आहे."

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं. ताईंच्या फोनने पलीकडच्या टॉवरची रेंज पकडली होती, माझ्या फोनने अलीकडच्या. आम्ही मात्र एकाच बाकावर बसलो होतो.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. साताऱ्यात आमची घरं एकमेकांना लागून आहेत, मध्ये एक भिंत. या प्रवासाला निघेपर्यंत जवळजवळ पाच वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतंसुद्धा बोलत नव्हतो. कुणाकडे हळदीकुंकवाला समोरासमोर आलो तर मान हलवायची, एवढंच. मग आम्ही दोन देशांच्या सीमेवर एका बाकावर चहा पीत कशा बसलो, ते तुम्हाला सांगते. आणि ही वाट तुम्हीही एकदा चालावी असं मला का वाटतं, तेही.

आमची पुतणी, म्हणजे ताईंची लेक, नोकरीसाठी कोलकात्याला असते. मोठ्यांचं काही बिनसलं तरी तिने माझ्याशी बोलणं कधी सोडलं नाही. एक दिवस तिचा फोन आला, "काकू, आईला हिमालय बघायचाय. मी नेतेय. तू येशील?" मी विचारलं, "तुझ्या आईला विचारलंस का?" ती म्हणाली, "आईने पण हेच विचारलं."

शेवटी दोघीही 'पोरीसाठी' तयार झालो. दोन महिने आधीपासून अजिंक्यताऱ्यावर चढण्याचा सराव सुरू केला. ताई सकाळी जायच्या, मी संध्याकाळी. वाटेत गाठ पडू नये म्हणून. आणि निघायच्या दोन दिवस आधी पुतणीने कळवलं की तिची रजा नामंजूर झाली. खरंच झाली की तिने मुद्दाम केली, हे ती अजून सांगत नाही. तिकिटं काढलेली, गाइड ठरलेला. ताई ६१ वर्षांच्या, मी ५४. न्यू जलपायगुडीला उतरलो तेव्हा आमच्यात दोन दिवसांत मिळून दहा वाक्यं झाली असतील. त्यातली चार तर "डबा उघडू का?" अशीच.

आता वाटेविषयी सांगते. सिंगालीला ही पूर्व हिमालयातली एक लांब डोंगरधार. कांचनगंगेच्या बाजूने ती दक्षिणेकडे उतरत येते. तिच्या माथ्यावरूनच भारत आणि नेपाळची सीमा जाते. पूर्वेचा उतार आपल्या पश्चिम बंगालमधल्या दार्जिलिंग जिल्ह्याचा, पश्चिमेचा नेपाळच्या इलाम जिल्ह्याचा. मानेभंज्यांग या गावातून वाट सुरू होते आणि साधारण ३१ किलोमीटरवर सांदकफूला पोहोचते. सांदकफू ३६३६ मीटर उंच आहे, पश्चिम बंगालमधलं सर्वांत उंच ठिकाण. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे मानेभंज्यांगचा बाजारच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा वर!

पण आकड्यांना घाबरू नका. चित्रेपर्यंतचा पहिला चढ दमवतो, हे खरं. त्यानंतर तुमलिंगपर्यंत मात्र डोंगर मऊ होतो. गवताचे लांबच लांब उतार, मध्येच बांबूची बेटं, वाऱ्यावर फडफडणाऱ्या प्रार्थनेच्या पताका, आणि बारक्या पानांचे धुक्यात भिजलेले वृक्ष. इथे दोर लागत नाही की कडा चढावा लागत नाही. दर दोन-तीन तासांनी एखादी वस्ती येते, तिथे चूल पेटलेली असते आणि चहा मिळतो. जुन्या लँड रोव्हर गाड्या अजूनही या रस्त्यावर खडखडत वर जातात. त्यातल्या काही इंग्रजांच्या चहामळ्यांच्या काळातल्या आहेत. ज्यांना चालणं जमत नाही ते त्यांतून जातात.

मराठी माणसाला या वाटेवर आणखी एक सोय आहे. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात, त्यामुळे पाट्या वाचता येतात. 'चिया' म्हणजे चहा, हे लगेच कळतं. 'भंज्यांग' म्हणजे खिंड, 'पोखरी' म्हणजे तळं. एका दुकानावर 'खाजा' अशी पाटी दिसली आणि ताई खूश झाल्या. त्यांचं माहेर मालवणचं, जत्रेतला गुळाचा खाजा त्यांच्या जिवाभावाचा. आत गेलो तर नेपाळीत खाजा म्हणजे नुसता नाश्ता, आणि समोर आले नूडल्स. ताई हसल्या. पाच वर्षांनी मी त्यांना माझ्यासमोर हसताना पाहिलं.

सीमा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काटेरी तारा होत्या. इथे तसं काहीच नाही. गवतात मध्येच एखादा ठेंगणा सिमेंटचा खांब दिसतो, एवढंच. मेघमात तर रस्त्याच्या एका बाजूला भारत आणि दुसऱ्या बाजूला नेपाळ. पायवाट कधी इकडून जाते, कधी तिकडून. दिवसभरात आपण किती वेळा परदेशात जाऊन आलो हे मोजणं तासाभरात सोडून द्यावं लागतं. कोंबड्या तर मोजतच नाहीत.

भारत आणि नेपाळची सीमा १७५० किलोमीटरच्या आसपास आहे आणि ती खुली आहे. १९५०च्या मैत्री करारापासून दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहण्या-वावरण्याची मोकळीक आहे. पण म्हणून तिथे सीमाच नाही असं समजू नका. ठिकठिकाणी सशस्त्र सीमा बलाच्या चौक्या आहेत. जवान ओळखपत्र बघतात, वहीत नाव लिहून घेतात. आणि ही रेघ काही प्रेमाने आखलेली नाही. इंग्रज आणि नेपाळ यांच्यात युद्ध झालं, त्यानंतर १८१६ साली सुगौलीचा करार झाला आणि मेची नदीच्या पूर्वेकडचा डोंगराळ मुलूख नेपाळच्या हातून गेला. म्हणजे हीसुद्धा भांडणानंतरची वाटणीच.

गाइड मुलाच्या आईचं माहेर नेपाळच्या बाजूला, डोंगराच्या पलीकडच्या उतारावर. २०२० साली करोनामुळे सीमा बंद झाली तेव्हा ती कित्येक महिने माहेरी जाऊ शकली नाही. "तोपर्यंत आम्हाला सीमा आहे हे माहीत होतं, पण ती अडवते हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. ताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढे चालू लागल्या.

आमच्या घरी नेमकं असंच झालं होतं. सासूबाई गेल्या, वर्षश्राद्ध झालं आणि दोघा भावांनी वाटणी करायची ठरवली. त्यात गैर काही नव्हतं. दोन संसार, दोन वेगळे हिशेब, कधीतरी व्हायचंच होतं. पण अंगणातून भिंत गेली आणि माणसांचं जाणं-येणं थांबलं. तुमच्यापैकी ज्यांचं गाव महाराष्ट्रात आहे त्यांना बांधाचं भांडण काय असतं हे सांगायला नको. दर पावसाळ्यात वीतभर बांध कोरायचा आणि त्यापायी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात घालवायच्या. आमचं भांडण दीड फुटाचं होतं.

पहिल्या रात्री तुमलिंगला मुक्काम होता. तुमलिंग नेपाळात आहे, साधारण २९७० मीटरवर. सूर्य मावळला आणि थंडी अशी चावायला लागली की आम्ही दोघी सरळ लॉजच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी जाऊन बसलो. मालकीणबाई भाताचं आधण बघत होत्या. त्यांनी आम्हा दोघींकडे बोट करून विचारलं, "दिदी-बहिनी?" बहिणी का, म्हणून. मी मान हलवून नाही म्हटलं, पण जाऊ हे कसं सांगायचं ते कळेना. गाइडने सांगितलं, "जेठानी, देउरानी." बाईंनी भुवया उंचावल्या आणि नेपाळीत काहीतरी म्हणून त्या खळखळून हसल्या. गाइडने भाषांतर केलं, "म्हणते, जावा-जावा आणि एकत्र फिरायला? मी तर माझ्या जावेबरोबर बाजारालाही जात नाही."

त्या रात्री एकाच खोलीत, दोन खाटांवर, तीन-तीन जाड गोधड्यांखाली आम्ही झोपलो. झोप कसली! पहाटे पाचला ताईंनी मला हाक मारली, "अगं, ऊठ. लवकर." बाहेर काळोखात आभाळाच्या कडेला एक तांबूस ठिपका दिसत होता. बघता बघता तो पसरला आणि अख्खी कांचनगंगा उजळली. ८५८६ मीटर उंचीचं जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं शिखर. शेजारच्या शिखरांबरोबर तिची रेघ पाहिली तर कुणीतरी उताणं निजलंय असं वाटतं. म्हणून तिला 'झोपलेला बुद्ध' म्हणतात. गाइडने सांगितलं की कांचनगंगासुद्धा नेपाळ आणि सिक्कीमच्या सीमेवरच आहे. अर्धी त्यांची, अर्धी आपली. ताई म्हणाल्या, "पण दिसते सगळ्यांना अख्खी."

मी काहीच बोलले नाही. पण तेव्हाच ठरवलं की आज बोलायचं.

दुसऱ्या दिवशी तुमलिंगहून निघालं की सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते. १९९२ साली हे जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. लाल पांडा इथे आहे, पण तो दिसणं नशिबाचा भाग. एप्रिलमध्ये गेलात तर गुरासची झाडं, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, लाल-गुलाबी फुलांनी भरलेली दिसतील. आम्हाला नोव्हेंबरात फुलं नव्हती, पण आकाश स्वच्छ होतं. गैरीबासपर्यंत बरीच उतरण आहे आणि उतरणीला गुडघे बोलतात. ताईंचा उजवा गुडघा जरा जास्तच बोलायला लागला. मी माझी काठी त्यांना दिली. त्यांनी ती घेतली. हे लिहायला सोपं वाटतं, पण पाच वर्षांत त्यांनी माझ्या हातून काही घेतलं नव्हतं.

गैरीबासनंतरच्या चढावर आम्ही एका खांबापाशी विसावलो. खालच्या उतारावर बटाट्याची छोटी शेतं होती, मध्ये दगड रचलेले. मी गाइडला सहज विचारलं, "शेताच्या या बांधाला तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

"साँध," तो म्हणाला. "आणि ज्याचं शेत त्या बाजूला लागून असतं, तो सँधियार."

ताई गुडघा चोळत होत्या. त्या म्हणाल्या, "बघ, आपल्याकडे सांधा म्हणजे जोड. इथे त्यालाच बांध म्हणतात."

गाइड पाणी आणायला पुढच्या वस्तीत गेला. तेव्हा मी बोलले.

आमच्या अंगणात पारिजातक आहे. ताई लग्न होऊन आल्या त्या पहिल्या पावसाळ्यात त्यांनी लावलेला. वाटणीच्या वेळी मोजणीदार आला, कागदावर अंगणाचे दोन सारखे भाग झाले, चुन्याची रेघ पडली आणि झाड दीड फुटाने आमच्या बाजूला आलं. थोरल्या दिरांनी हरकत घेतली. बैठकीला आलेल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, "अण्णांनी हयातीत काही सांगितलं होतं का कुणाला?" मला सांगितलं होतं. सासरे जाण्याच्या वर्षभर आधी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले होते, "झाड थोरलीचं. त्याच्या पलीकडून तुमचं." बैठकीत तो प्रश्न आला तेव्हा माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी कप मोजत राहिले.

पारिजातकाची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. झाड सत्यभामेच्या दारात आणि फुलांचा सडा रुक्मिणीच्या अंगणात. आमच्याकडेही निम्मी फुलं भिंतीपलीकडे पडायची. पण मला त्याचं समाधान वाटण्याऐवजी दर पहाटे चोरी पकडल्यासारखं वाटायचं.

हे सगळं मी ताईंना त्या खांबापाशी बसून सांगितलं. सलग, खाली बघत. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मामंजी मलाही तेच बोलले होते."

मी चमकून वर बघितलं. "मग तुम्ही का नाही बोललात?"

"माझ्या तोंडून आलं असतं तर लोभ दिसला असता. तू सांगशील म्हणून मी तुझ्याकडे बघत होते. तू कप मोजत होतीस."

म्हणजे पाच वर्षं त्यांना माहीत होतं. झाड गेल्याचा राग त्यांना नव्हताच. मी मान वर केली नाही, याचा होता.

मी म्हटलं, "ताई, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "हो, चुकलं." नाही-नाही म्हणून त्यांनी ते झटकून टाकलं नाही, याचं मला बरं वाटलं. मग काठी टेकत उठल्या. "चल. बसून राहिलं की गुडघा धरतो."

त्या संध्याकाळी काली पोखरीला पोहोचलो. नावाप्रमाणेच काळ्या पाण्याचं लहानसं तळं, काठाने पताका. इथले लोक त्याला पवित्र मानतात. तिथून सांदकफू सहा किलोमीटर, पण चढ उभा. सकाळी ताईंचा गुडघा सुजला होता. पूर्वी मी 'आता एवढं आलोच आहोत तर' म्हणून हट्ट केला असता. गाइडने फोन करून लँड रोव्हर बोलावली आणि शेवटचा टप्पा आम्ही हाडं खिळखिळी करत गाडीने गेलो. त्यात काहीही कमीपणा वाटला नाही.

सांदकफूहून जगातल्या सर्वांत उंच पाच शिखरांपैकी चार दिसतात. कांचनगंगा समोर, आणि दूर पश्चिमेला एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू. मकालू जवळ असल्याने मोठं दिसतं आणि एव्हरेस्ट त्याच्यामागून लहानसं डोकावतं. ताई म्हणाल्या, "सगळ्यात मोठं कोण, ते कुठे उभं राहून बघतो त्यावर असतं." मी म्हटलं, "थोरल्या जाऊबाईच असं बोलू शकतात." यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या बंगाली काकांनी वळून पाहिलं.

तुम्हाला जायचं असेल तर चार गोष्टी सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश स्वच्छ असतं, एप्रिलमध्ये फुलं असतात. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. गाइड घ्यावाच लागतो, आणि घ्यावाच, कारण धुक्यात दोन वाटा सारख्याच दिसतात. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवा. थोडी रोख रक्कम हवी, कारण रेंजचा भरवसा नाही. उंचीवर डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर पुढे चढू नका, खाली या. बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर सांदकफूचा हट्ट न धरता तुमलिंगला दोन दिवस राहा आणि आजूबाजूला हिंडा. कांचनगंगा तिथूनही दिसते. आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने चाला. तिथले लोक त्याला 'बिस्तारै' म्हणतात. हळूहळू.

आमची भिंत पडली का, असं तुम्ही विचाराल. नाही. भिंत आहे तिथेच आहे आणि ती असावी, असंच आम्हा दोघींना वाटतं. दोन घरं आहेत, दोन उंबरे आहेत. पण परत आल्यावर मी आमच्या घरात सासऱ्यांचे शब्द सांगितले. यजमान आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते. थोरले दीर अजूनही फार बोलत नाहीत. पुरुषांची वाट वेगळी, त्यांना वेळ लागेल. आम्ही मात्र गवंड्याला बोलावून पारिजातकापाशी भिंतीचे वरचे सहा थर काढून घेतले. तेवढ्या भागात भिंत आता कमरेपर्यंत आहे. ताट इकडून तिकडे देता येतं आणि हात पुढे केला तर झाडाची फांदी हलवता येते.

रोज पहाटे ताईंची परडी त्या भिंतीवर असते. आधी त्या त्यांच्या बाजूची फुलं वेचतात, मग मी माझ्या बाजूची वेचून त्याच परडीत टाकते. ताईंच्या फोनचं घड्याळ केव्हाच भारतात परत आलंय. तरी त्या रोज माझ्या १५ मिनिटं आधीच उठलेल्या असतात.